राणी कडेने चालली

वावाउ,
शनिवार, २२ सप्टेंबर

प्रिय वाइनिकोलो,

तुला आणि तुझ्या घरातल्या दोघींना आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. कोनफळांची लावणी आटोपली. देवमासे अजून खाडीत आहेत आणि पहाटे त्यांचा फुत्कार ऐकून आपला कुत्रा भुंकतोच. इतकी वर्षं झाली तरी त्याला अक्कल आलेली नाही. आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे.

तुझं जूनमधलं पत्र मिळालं. मुलगी झाली, आत्याने नाव ठेवावं, तोवर आम्ही तिला नुसतं 'बाळ' म्हणतो, असं तू लिहिलंस. मिळालं नाही असं समजू नकोस. मिळालं. नावाचं पुढे बघू. आधी बातमी सांगते, कारण ती दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवी. मालाकाई मंगळवारच्या बोटीने निघतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देईन. पण त्याचं तोंड पिशवीच्या आधी उघडतं, तेव्हा त्याला आधी जेवायला बसव आणि तो खात असताना हे वाचून घे.

तर, थंड देशाचे राजाराणी येऊन गेले. देशाचं खरं नाव रेडिओवर रोज सांगत होते, पण आईने पहिल्याच दिवशी 'थंड देश' म्हटलं आणि गावाने तेच उचललं. राजधानीत तोफा, संचलन, मेजवान्या असं सगळं झालं आणि गुरुवारी, एका दिवसापुरते, ते जहाजाने आपल्याकडे. सकाळी उतरायचं, जेवायचं, नाच बघायचा, संध्याकाळी परत. त्या एका दिवसासाठी आम्ही बायकांनी किती महिने साली बडवल्या ते विचारू नकोस. माझा उजवा खांदा अजून स्वतःच्या मनाने वर जातो.

धक्क्यापासून मैदानापर्यंतची सगळी वाट नगातूने झाकायची आणि प्रत्येक गावाने त्या सालीच्या कापडाचा आपापला तुकडा द्यायचा, आणि चालून झालं की ते पाहुण्यांना भेट, असं ठरलं. पहिला तुकडा, अगदी धक्क्यालगतचा, आपल्या गावाला मिळाला. तो मिळाला आईमुळे. "लोसालिनेच्या हाताखाली शिकलेल्या बायका आहेत या," असं लोलोहेआ काकांनी सभेत सांगितलं. काका आता गावाच्या वतीने भाषण करणारे झाले आहेत. पूर्वी घरात बोलायचे, आता मैदानात बोलतात, काकूला तेवढीच विश्रांती.

आपल्या पुढचा तुकडा शेजारच्या गावाचा, म्हणजे लेसिएलीचा. लेसिएलीला दुसरा नंबर मिळाल्यावर काय झालं असेल ते तुला सांगायला नको.

"सेलु," ती मला बाजारात म्हणाली, "बोटीतून उतरलेले पाय ओले असतात गं. तुमच्यावर पुसून झाले की कोरड्या पायांनी राणी आमच्याकडे येईल."

"येईल ना," मी म्हटलं. "आमच्यावरचं उरलंसुरलं घेऊनच येईल."

राजधानीहून एक साहेब आला होता, आम्हाला वागायला शिकवायला. कमरेला मानाची एवढी मोठी चटई गुंडाळलेली की बसताना दोघांना धरावं लागे. त्याने आम्हाला ओळीत बसवलं आणि सांगितलं, "पाहुण्यांशी आपण होऊन बोलायचं नाही. त्यांनी विचारलं तरच बोलायचं. थोडक्यात बोलायचं आणि खरं बोलायचं." आई पहिल्या रांगेत होती. तिने मान डोलावली. त्या मान डोलावण्याकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

सोमवारी आमचा तुकडा पुरा झाला. चर्चच्या सभागृहात अंथरला, शेवटचे सांधे कसाव्याच्या खळीने चिकटवले, आणि खळ वाळायला वारा मिळावा म्हणून दार उघडं ठेवलं. ठेवलं म्हणजे मीच ठेवलं. बायकांच्या गटाची पुढारीण मी, सगळ्यांच्या शेवटी निघाले मी. सकाळी जाऊन बघते तर आत आपली काळी डुकरीण. दुसऱ्या कुणाची असती तर मी तिच्या मालकिणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण आपलीच होती, मेजवानीसाठी वाढवलेली. कसाव्याची खळ तिला काय आवडली म्हणून सांगू! सांधा न् सांधा हुंगून काढून तिने खाल्ला होता. उरलेल्यावर चिखलाचे खूर. आणि पोट भरल्यावर मधोमध, जिथून राणीने चालायचं तिथे, आडवी पडून घोरत होती.

मला आधी हसू आलं. मग रडू आलं. मग बायका आल्या आणि मी दोन्ही बंद केलं.

दोन दिवसांत नवा नगातू होत नाही, हे तुलाही कळतं. साल सोलायची, भिजवायची, बडवायची, जोडायची, रंगवायची. गावात तेवढ्या लांबीचा, तयार, कुणाचाही पाय न लागलेला असा एकच होता. कुठे, ते तुला ठाऊक आहे.

मी इतका वेळ डुकरिणीचंच का सांगत बसले, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. हो, आईच्या पलंगाखालचा. तुझ्या लग्नाचा. तू शाळेत जायला लागलास तेव्हा तिने तो करायला घेतला होता. "माझी सून धक्क्यावर उतरली की मातीला पाय न लावता घरात येईल," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मग तू ऑकलंडला गेलास, मांसाच्या कारखान्यात लागलास, तिथेच सामोअन मुलीशी लग्न केलंस, आणि नगातू पलंगाखालीच राहिला. आई त्याच्यावर झोपते. दर वर्षी उन्हात काढते, घडी मोडून वेगळी घालते आणि परत सरकवून ठेवते.

मंगळवारी दुपारी सगळ्या बायका आणि लोलोहेआ काका आपल्या ओट्यावर येऊन बसले.

"मला काय विचारता?" आई म्हणाली. "माझं नाहीच ते. सुनेचं आहे."

"लोसालिने, सून इथे नाही ना," काका म्हणाले.

यावर आईने काकांना एक प्रश्न विचारला, ते मासे धरायला समुद्रावर गेलेले असताना त्यांच्या घरी काय चालतं याविषयी. तो मी तुला लिहू शकत नाही, मी तुझी बहीण आहे. बायका मात्र हसून लोळल्या. काकाही हसले, पण विषय सोडतील तर ते काका कसले.

"बरं, सुनेचं म्हणजे तुझ्या मुलाच्या घरचं," ते म्हणाले. "आणि भावाच्या घरचं काहीही उचलायचा हक्क कुणाचा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. ती यावर काही बोलू शकत नव्हती. तिने स्वतः मामाच्या घरून तीन डुकरं, एक होडी आणि मामीची आवडती कढई याच हक्काने उचलून आणली आहे.

मी म्हटलं, "न्या."

विचार करून म्हटलं असं सांगितलं तर खोटं होईल. गावाची अब्रू, पाहुणे, माझं उघडं राहिलेलं दार, हे सगळं होतंच. पण त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं की ती येणार कुठे आहे? तिला नगातू काय करायचा आहे?

बायकांनी पलंग उचलून बाजूला केला. आई उठून विहिरीकडे गेली, आणि त्यानंतर गुरुवार उजाडेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आपली आई, दोन दिवस गप्प. कुत्रासुद्धा गोंधळला होता.

उद्या रविवार. पत्र लिहिणं हेही कामच, असं आईचं मत आहे, आणि ते ती माझ्या मागे उभी राहून सांगते आहे. उरलेलं सोमवारी.

सोमवार, २४ सप्टेंबर

काल चर्चमध्ये मी नेहमीच्याच बाकावर बसले होते. याच बाकावर बसून मी तुझ्या लग्नाची बातमी ऐकली होती. तू पाळकसाहेबांना पत्र घातलंस, त्यांनी ते प्रार्थनेच्या शेवटी वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. त्या दिवशी नेमकी लेसिएलीच्या गावची गायनमंडळी आपल्याकडे आली होती. लेसिएलीने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मला आधीच ठाऊक होतं असा चेहरा मी केला. तो चेहरा मला बरेच दिवस काढता आला नाही. मी तुला पत्र लिहिलं नाही ते तेव्हापासून.

असो. गुरुवार.

गेल्या नाताळात तुझ्या फेताउईने आईसाठी एक सामोअन पोशाख शिवून पाठवला होता, हिरवा, हाताएवढ्या फुलांचा. "हा अंगात घालायचा की खिडकीला लावायचा?" असं म्हणून आईने तो पेटीच्या तळाशी टाकला होता. तुला मात्र 'आवडला' असा तोंडी निरोप धाडला होता. गुरुवारी सकाळी आई तोच पोशाख घालून बाहेर आली. वर कमरेला तिची ती जुनी, झिजलेली, मानाची चटई. मी बघतच राहिले.

"बाकीचे मळके आहेत," ती म्हणाली. दोन दिवसांनंतर माझ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. बाकीचे मळके नव्हते. मीच धुतले होते.

धक्क्यावर अख्खं बेट लोटलं होतं. शाळेचा बँड आला होता. आम्ही नगातू उलगडला, आणि तुला सांगते, वाइनिकोलो, गर्दी माना उंचावून बघायला लागली. मी तो कधी पूर्ण उलगडलेला पाहिलाच नव्हता. आजवर तो अर्धा उन्हात, अर्धा घडीत असाच पाहिलेला. तो गडद तपकिरी रंग, त्यात ती जोडपक्ष्यांची नक्षी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठे रेघ हललेली नाही. लेसिएलीसुद्धा आपला तुकडा सोडून बघायला आली. आई कडेला मांडी घालून बसली, हिरव्या पोशाखात, आणि समोर समुद्राकडे बघत राहिली. हे द्यायला नको होतं, असं वाटलं. आता वाटलं तरी काय उपयोग होता? जहाजावरून लहान होडी निघालीच होती.

राणी उंच आहे. एका हाताने डोक्यावरची टोपी धरून उतरली, कारण वारा टोपीवर टपला होता. राजा तिच्या मागे, गणवेशात, लालबुंद आणि घामाने निथळणारा. बँड सुरू झाला. राणी नगातूच्या काठाशी आली, तिने पाऊल उचललं आणि परत होतं तिथेच ठेवलं. मग ती वाकली. हातमोजा काढला आणि बोटाने नक्षीला हात लावला. मोठी शहाणी बाई. कापड बघायचं तर हाताने बघावं लागतं. तिने साहेबाला काही विचारलं.

"हे कुणी केलं, असं राणीसाहेब विचारत आहेत," साहेब म्हणाला.

सगळ्यांची बोटं आईकडे.

"मी केलं," आई म्हणाली.

किती दिवस लागले, असं राणीने विचारलं.

"मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा सुरू केलं, त्याला मिसरूड फुटलं तेव्हा संपलं."

राणी हसली. राजालाही सांगितलं, तोही हसला. झालं होतं खरं म्हणजे. पण राणी आणखी थोडी वाकली आणि तिने तिसरा प्रश्न विचारला, "कशासाठी केलंत?" तो आपल्या भाषेत सांगतानाच साहेबाने आईकडे अशा नजरेने पाहिलं की 'आपल्या स्वागतासाठी' हे उत्तर त्याच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं.

आई म्हणाली, "सुनेसाठी. ती अजून आलेली नाही."

साहेब कमरेची चटई सावरायला लागला. बँडने एक गत संपवली, दुसरी सुरू करायला कुणाचा धीर होईना. राणी त्याच्याकडे बघत थांबली होती. शेवटी त्याला सांगावंच लागलं, आणि बिचाऱ्याने सांगितलं, थोडक्यात आणि खरं.

राणीने आईकडे पाहिलं, त्या हिरव्या पोशाखाकडे पाहिलं, आणि मान झुकवली. मग राजाच्या कानात काहीतरी बोलून ती नगातूवरून नव्हे, त्याच्या कडेने चालायला लागली! टोपी धरून, खडीवरून, टाचा रुतत होत्या तरी. राजा तिच्या मागे. राजामागे त्यांचे अधिकारी. अधिकाऱ्यांमागे आपला साहेब, त्याची काय हिंमत मधून चालायची! शेताच्या बांधावरून एकामागून एक माणसं जातात ना, तसे सगळे कडेकडेने चालले, आणि मधे आईचा नगातू कुणाचाही पाय न लागता पसरलेला. बायकांनी तोंडावर हात ठेवले. आजवर कुणी असं केलेलं नाही. आमच्या बाजूला कुणी म्हणालं, "मेलो, पाहुण्यांनी नाकारलं." मी खाली बघत होते.

आपला तुकडा संपला, लेसिएलीचा आला. राणी तिथेही थबकली आणि तिने लेसिएलीकडे प्रश्नार्थक पाहिलं. लेसिएलीने विचारण्याची वाटच पाहिली नाही. दोन्ही हात पसरून ती ओरडली, "या, या! हे कुणाच्याच सुनेचं नाही!"

अख्खा धक्का हसला. साहेबाने ते सांगितल्यावर राणी तर इतकी हसली की टोपी शेवटी गेलीच, ती दोन मुलांनी पाण्यातून काढली. आणि राणीचं पहिलं पाऊल पडलं ते लेसिएलीच्या नगातूवर. ही गोष्ट ती मरेपर्यंत सांगणार, आणि तिच्या मुली तिच्या मागे सांगणार. सांगू देत.

मैदानावर साहेब तावातावाने आईकडे आला. "तुम्ही देशाची शोभा केलीत, आई!"

"थोडक्यात बोलले ना?" आई म्हणाली.

"हो, पण..."

"खरं बोलले ना?"

साहेब गेला. जेवताना मी पाहिलं, राणीने डुकराचं मांस दोनदा मागून घेतलं. आमच्या पूर्ण नगातूवर पोसलेली डुकरीण होती ती, चव उतरणारच. राजाने तर नारळाच्या दुधातली अळूची पानं बोटांनी निपटून खाल्ली.

पण गावाचा घास काही खाली उतरत नव्हता. चालून झालेले सगळे नगातू गुंडाळून जहाजावर पोचवायचे होते, भेट म्हणून. आपल्याचं काय करायचं? दिला म्हणावा तर पाऊल पडलेलं नाही. परत न्यावा तर दिलेली भेट परत नेल्यासारखं. साहेब म्हणत होता, गुंडाळा आणि चढवा, चर्चा कसली? आमच्या निम्म्या बायकाही तेच म्हणत होत्या, निदान लाज तरी झाकेल. आणि सगळ्या परत माझ्याकडे बघत होत्या, कारण दिला होता मी. या वेळी मी आईकडे पाहिलं.

तेवढ्यात लोलोहेआ काका भाषणाला उभे राहिले. आभार, हवामान, देव, दोन्ही देशांची मैत्री, हे सगळं झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "आपल्याकडे पाऊल पडलं की वाट दिली. आज एका वाटेवर पाऊल पडलं नाही. म्हणजे ती वाट नाकारली का? नाही. वाट सोडली. राणी वाट कुणाला सोडते? आपल्याहून मोठ्या बाईला, नाहीतर स्वतःच्या लेकीला. ऑकलंडला आमच्या गावची एक सून आहे. तिला आज एका राणीने वाट सोडली. म्हणून ते कापड तिच्या घरी परत जाईल, आणि आम्ही ते मान मिळाला म्हणून परत नेतो आहोत." साहेबाला हे सांगायला बराच वेळ लागला. सांगून झाल्यावर राणीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी काकांना आजवर बडबडे म्हणत आले. यापुढे जरा कमी म्हणेन.

गावात आता फेताउईचं नावच 'राणीने वाट सोडलेली' असं पडलं आहे. मांसाच्या कारखान्यात डबे भरणाऱ्या मुलीला हे सांग आणि ती काय म्हणते ते मला कळव.

संध्याकाळी जहाज गेल्यावर मी आणि आईने ओट्यावर नगातूची घडी घातली. घडी जुन्या रेषेवर घालायची नाही, नाहीतर कापड तिथे फाटतं, हे तिने मला शंभराव्यांदा सांगितलं.

"माझ्यावर रागावली होतीस ना?" मी विचारलं.

"तू दिलंस ते हक्काने दिलंस. मी बोलले ते विचारलं म्हणून बोलले."

"आणि राणीने विचारलंच नसतं तर?"

"तर गेलं असतं," आई म्हणाली. "दोन दिवस मी गप्प बसून काय करत होते असं तुला वाटतं? देवाला सांगत होते, त्या बाईला तेवढी चौकशी करायची बुद्धी दे."

तिने घडीवर हात फिरवला आणि म्हणाली, "सुनेला नावं ठेवून झाली असतील, तर आता तिच्या पोरीला एक नाव ठेव."

वाइनिकोलो, आपण समोरासमोर कधी नीट बोललो नाही. मी घरात आले की तू उठून बाहेर जायचास, तू वयात आल्यापासून तुझं अंथरूण वेगळ्या झोपडीत. भावाने बहिणीची मर्यादा अशीच ठेवायची असते आणि तू ती कधी मोडली नाहीस. तरी मी दोन वर्षं याच गोष्टीवर धुमसत राहिले की तू मला सांगितलं नाहीस. पाळकाला सांगितलंस, मला नाही. गुरुवारी त्या ओट्यावर मला पहिल्यांदा असं वाटलं की तू सांगणार तरी कसा होतास? मला एक मुलगी आवडते, हे आपल्याकडे कुठल्या भावाने बहिणीला कधी सांगितलं आहे? तू माझा मान राखत होतास, आणि मला वाटत राहिलं की तू मला मोजत नाहीस. हे मला कळलं आणि मी फार हलकी झाले. इतकी की घडी घालताना माझ्याकडची बाजू सारखी वर जात होती आणि आई ओरडत होती.

आईचं नाव मी कुणासाठी राखून ठेवलं होतं, ते तू लहान असताना ऐकलं आहेस. माझ्या बाहुलीलासुद्धा मी ते दिलं नव्हतं. मोठेपणी तो विषय निघाला नाही, लग्नाचाही निघाला नाही, आणि आता निघेल असं नाही. मला त्याचं पूर्वी वाटायचं तेवढं वाईट वाटत नाही. आपल्याकडे नाव देते ती आत्या, हे बरंच आहे. गावात गुरुवारपासून जन्मलेल्या दोन मुलींना थंड देशाच्या राणीचं नाव दिलं आहे आणि कुणालाच ते नीट उच्चारता येत नाही. आपल्या मुलीचं तसं व्हायला नको. मी ठरवलेलं नाव तुझ्या सामोअन सासरच्यांनाही सहज म्हणता येईल. आईला अजून सांगितलेलं नाही. बोट गेली की सांगणार आहे. त्याआधी सांगितलं तर ती रडेल आणि मालाकाईबरोबर जायचा नीरफणसाच्या चिप्सचा डबा करायचा राहून जाईल.

नाताळात या. तिघं या. फेताउईला सांग की पोशाख आईला खरोखरच आवडला आहे, कालही चर्चला तोच घातला होता, आणि कंबरेत थोडा सैल हवा. तिला सांग की धक्क्यापासून घरापर्यंत नगातू मी स्वतः अंथरणार आहे, डुकरं बांधून ठेवून. आणि हे तिला नीट समजावून सांग, कारण सामोअन माणसं लाजाळूपणाचं नाटक फार करतात: तिने कडेने चालायचं नाही. बरोबर मधून चालायचं, सावकाश, पोरीला कडेवर घेऊन. लेसिएलीला मी पुढे बसवणार आहे.

तुझी थोरली बहीण आणि
लोसालिनेची आत्या,
सेलुवाइया